आश्चर्य आणि साहचर्य अध्ययन

दोन घटना एकापाठोपाठ घडत राहिल्या की पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधायला प्राणी शिकतो; यास साहचर्य अध्ययन म्हणतात. मात्र घटना नुसत्या सोबत घडून भागत नाही. दुसरी घटना थोडीतरी अनपेक्षित असावी लागते. हा अनपेक्षितपणा मेंदू दोन निरनिराळ्या मार्गांनी वापरतो.

कोल्हापुरात याचे उदाहरण पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढली जाते. भोवती रहदारीचा गोंगाट असूनही बादलीचा खणखणाट आणि पुढ्यातली पेंड या सवयीच्या खुणांवर म्हैस कासेला हात लागण्याआधीच पान्हवू शकते; खुणेसरशी ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरते. दिवाळी पाडव्याला गवळी सजवलेल्या म्हशी पळवतात, त्या वेळी मालकाच्या मोटारसायकलच्या आवाजामागे त्या धावतात, तेही साहचर्यच.

आता समजा, गाडीच्या आवाजावर तरबेज झालेल्या म्हशीसाठी मालकाने त्या आवाजाला शिट्टीची जोड दिली. पुढे नुसत्या शिट्टीवर ती धावेल काय? सिद्धांतानुसार फारशी नाही. मानसशास्त्रज्ञ लिओन केमिन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस उंदरांवर हे दाखवले. आवाजानंतर सौम्य विजेचा झटका बसतो हे शिकलेल्या उंदरांना मग आवाज आणि प्रकाश एकत्र दिले, झटका तोच ठेवला. नंतर एकट्या प्रकाशाला ते जवळजवळ घाबरले नाहीत. झटक्याची वर्दी आवाजाने आधीच दिलेली असल्याने प्रकाशाकडून शिकण्यासारखे काही उरले नव्हते. या परिणामास अवरोधन म्हणतात. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतील तफावत जितकी मोठी तितके अध्ययन जास्त, असे सूत्र रॉबर्ट रेस्कोर्ला आणि ॲलन वॅग्नर यांनी १९७२ मध्ये मांडले. हा पहिला मार्ग.

ही तफावत मेंदूत कोण मोजते, याचा माग मेंदूसंशोधक वुल्फ्राम शुल्ट्झ यांना माकडांच्या मध्यमस्तिष्कातील, डोपामिन हे संदेशवाहक रसायन स्रवणाऱ्या चेतापेशींत लागला. अवचित मिळालेल्या फळरसाला या पेशी जोराने प्रतिसाद देत. खूण पक्की झाल्यावर प्रतिसाद रसाकडून खुणेकडे सरके, आणि ठरल्या क्षणी रस आला नाही तर पेशींची क्रिया नेमकी त्याच क्षणी मंदावे. पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासह १९९७ मध्ये त्यांनी याचा अर्थ अंदाजातील चूक असा लावला. पुढे २०१३ मध्ये उंदरांच्या या पेशी बक्षिसाच्या क्षणी प्रकाशाने कृत्रिमरीत्या चेतवल्या, तेव्हा अवरोधन मोडले आणि एरवी दुर्लक्षिली गेलेली खूण ते शिकले. डोपामिनला सरसकट ‘आनंदाचे रसायन’ म्हणणे त्यामुळे दिशाभूल करणारे ठरते.

दुसरा मार्ग लोकप्रिय लेखनात क्वचितच येतो, खरे तर तोच अधिक कुतूहलाचा आहे. जॉन पीअर्स आणि जेफ्री हॉल यांनी १९८० मध्ये सुचवले, की अनपेक्षित घटनेमुळे तिच्या आधीच्या खुणेकडे लक्ष वाढते आणि ती खूण पुढच्या वेळी लवकर शिकली जाते. येथे घटना सुखद की दुःखद, जास्त मिळाले की कमी, याला महत्त्व नाही. अंदाज चुकला एवढे पुरते. पीटर हॉलंड आणि मिशेला गॅलघर यांच्या प्रयोगांत उंदरांना आधी प्रकाशामागून ध्वनी येण्याची सवय लावली आणि नंतर काही वेळा ध्वनी गाळला. पुढे प्रकाश थेट अन्नाशी जोडल्यावर हे उंदीर, ध्वनी कधीच न गाळलेल्या उंदरांपेक्षा लवकर शिकले. अमिग्डाला या मेंदूच्या आतल्या भागातील मध्यवर्ती केंद्रकाला, म्हणजे चेतापेशींच्या एका पुंजक्याला, इजा असलेल्यांत हा फायदा दिसला नाही.

केंद्रक तात्पुरते निष्क्रिय करून पाहिल्यावर कामाची वाटणी उघड झाली. ध्वनी गाळला जातो त्या वेळी मध्यवर्ती केंद्रक चालू असावे लागते; नंतरच्या अध्ययनाच्या वेळी ते बंद असले तरी चालते. त्या वेळी गरज पडते ती अग्रमस्तिष्काच्या तळाशी असलेल्या सबस्टॅन्शिया इनॉमिनाटा या भागाची. येथील ॲसिटिलकोलिन हे संदेशवाहक रसायन स्रवणाऱ्या पेशींचे तंतू मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, पोचतात, आणि पार्श्वकपाली खंडाच्या मागच्या भागातील त्यांचा पुरवठा तोडल्यासही लक्षातील ही वाढ नाहीशी होते.

उलट दिशेचे काम, म्हणजे सरावाच्या, निरुपयोगी खुणेवरून लक्ष काढून घेणे, हिप्पोकॅम्पस या मेंदूतील दुसऱ्या भागावर अवलंबून असते. त्याला इजा झालेल्या उंदरांत आश्चर्याने लक्ष वाढते, पण सवयीने ते कमी होत नाही.