मुरगावची जर्मन जहाजं : एकदा युद्ध झालं, एकदा टळलं

सप्टेंबर १९३९च्या पहिल्या आठवड्यात वेंगुर्ल्याजवळच्या रेडीचा माणूस युद्धात होता आणि पोर्तुगीज गोव्यातल्या तेरेखोलच्या किल्ल्यातला शिपाई तटस्थ होता. दोघांच्या मध्ये ना समुद्र, ना खाडी. तेरेखोल नदी ही गोव्याची उत्तर हद्द म्हणतात खरी, पण किल्ला नदीच्या अलीकडे, उत्तर काठावर आहे. पोर्तुगिजांनी तो १७४६मध्ये सावंतवाडीकरांकडून घेतला आणि तेव्हापासून गोव्याचा हा एवढासा तुकडा नदी ओलांडून आपल्या बाजूला येऊन बसला आहे. रेडीहून पायी निघालं तरी थोड्या वेळात देश बदलायचा.

३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं परस्पर जाहीर करून टाकलं. प्रांतांत निवडून आलेली मंत्रिमंडळं होती, पण विचारलं कोणालाच नाही. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे पंतप्रधान बाळासाहेब खेर मूळचे रत्नागिरीचे. त्यांच्यासह काँग्रेसच्या सगळ्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी पुढच्या दोनेक महिन्यांत राजीनामे दिले. तिकडे लिस्बनमध्ये हुकूमशहा सालाझार यांनी पोर्तुगाल तटस्थ राहील असं जाहीर केलं. गोव्यात पेडण्याच्या माणसालाही कोणी विचारलं नव्हतं, हे मात्र आपण सहसा लक्षात घेत नाही. हद्दीच्या दोन्ही बाजूंचं युद्ध आणि शांतता, दोन्ही परक्यांच्या सहीने आली होती.

तटस्थ देश शेवटी युद्धात का उतरतो, याचं शाळेतलं उत्तर सोपं असतं : कोणीतरी हल्ला करतं म्हणून. १९१४मध्ये बेल्जियम आणि १९४०मध्ये नॉर्वे यांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण तिथे निवडायला जागाच नव्हती. ज्यांना निवड होती, त्यांचं काय? इटली १९१४मध्ये जर्मनी-ऑस्ट्रियाच्या तहात असूनही बाहेर राहिली, दोन्ही बाजूंशी भाव करत बसली आणि एप्रिल १९१५च्या लंडनमधल्या गुप्त करारात मुलखाचं आश्वासन मिळाल्यावर महिन्याभरात ऑस्ट्रियाविरुद्ध उतरली. अमेरिकेची १२८ माणसं मे १९१५मध्ये जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या लुसिटानिया बोटीबरोबर बुडाली, तरी ती युद्धात आली एप्रिल १९१७मध्ये. म्हणजे घाव एका तारखेचा आणि युद्ध भलत्याच तारखेचं. मधल्या काळात काय शिजतं, ते पाहायचं तर आपल्याच किनाऱ्यावरचं गोव्याचं मुरगाव बंदर बरं. एकाच बंदरात, एकाच देशाच्या जहाजांवरून दोनदा पेच पडला. पहिल्यांदा पोर्तुगाल युद्धात गेला, दुसऱ्यांदा गेला नाही.

पहिली गोष्ट १९१४ची. ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं तेव्हा हिंदी महासागरात असलेल्या जर्मन व्यापारी जहाजांची पंचाईत झाली. कराची, मुंबई, कोलंबो, सगळी बंदरं ब्रिटिशांची. आत शिरलं की जप्ती. जुवारीच्या मुखाशी असलेलं मुरगाव मात्र पोर्तुगिजांचं. खोल पाणी, धक्का, आणि धक्क्यापासून थेट घाटावर जाणारी रेल्वे. काही जर्मन जहाजांनी तिथे नांगर टाकले आणि ती तिथेच अडकून पडली. पोर्तुगालच्या इतर बंदरांतही हेच चाललं होतं. लिस्बनच्या टेगस नदीत तर अशी तिसाहून जास्त जहाजं उभी होती.

पोर्तुगालची तटस्थता तेव्हाही जरा विचित्रच होती. इंग्लंडशी त्यांचा मैत्रीचा तह १३७३चा, अजून चालू असलेल्यांत जगातला सगळ्यात जुना समजला जातो. लिस्बनमधलं प्रजासत्ताक सरकार १९१०मध्ये राजाला हाकलून आलेलं, अजून घडी बसायची होती. त्यांना युद्धात जायचं होतं, पण ब्रिटननेच सांगितलं की युद्ध जाहीर करू नका आणि तटस्थ आहोत असंही म्हणू नका. पोर्तुगिजांचं सैन्य अंगावर घ्यायची लंडनची तयारी नव्हती, बंदरं मात्र हवी होती. त्यामुळे दीड वर्ष लिस्बनचं तळ्यात-मळ्यात चालू राहिलं. आफ्रिकेत अंगोलाच्या सरहद्दीवर डिसेंबर १९१४मध्ये जर्मनांनी नौलिला इथे पोर्तुगीज तुकडीचा पराभव केला, माणसं मेली, तरी त्यावरून युद्ध झालं नाही.

युद्ध झालं ते जहाजांवरून. १९१६च्या सुरुवातीला जर्मन पाणबुड्यांनी इतका माल बुडवला होता की ब्रिटनला जहाजांचा तुटवडा पडला. पोर्तुगाललाही गहू आणि कोळसा आणायला जहाजं मिळेनात. आणि डोळ्यासमोर, आपल्याच बंदरांत, जर्मन जहाजं दीड वर्ष गंज खात उभी. फेब्रुवारीत ब्रिटनने जुन्या तहाचा हवाला देऊन ती ताब्यात घ्यायची विनंती केली. २३ फेब्रुवारीला टेगसमधल्या जहाजांवर पोर्तुगीज झेंडा चढला, मागोमाग वसाहतींच्या बंदरांत, मुरगावातही तेच झालं. एकूण सत्तरच्या आसपास जहाजं होती आणि त्यांतली बरीचशी पुढे ब्रिटिशांना भाड्याने गेली. ९ मार्च १९१६ रोजी जर्मनीने पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारलं.

हे सगळं भाबडेपणाने घडलं असं समजायचं कारण नाही. जहाजं धरली तर बर्लिन काय करणार, हे लिस्बनला पक्कं ठाऊक होतं. पंतप्रधान आफोन्सो कोश्ता आणि त्यांच्या पक्षाला युद्ध हवंच होतं, आणि त्याची दोन कारणं होती. नव्या प्रजासत्ताकाला युरोपात पत हवी होती. दुसरं कारण गोव्याच्या जास्त जवळचं : ब्रिटन आणि जर्मनी यांनी १८९८मध्ये पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहती वाटून घेण्याचा गुप्त करार केला होता आणि युद्धाच्या तोंडावर पुन्हा तीच बोलणी झाली होती. ज्याच्याशी पाचशेहून जास्त वर्षांची दोस्ती, तोच पाठीमागे आपल्या मुलखाचे हिस्से पाडतो, हे कळल्यावर युद्धानंतरच्या तहाच्या मेजावर हजर राहणं भाग होतं, आणि तिथली खुर्ची लढल्याशिवाय मिळत नाही. तिची किंमत शेतकऱ्यांच्या पोरांनी दिली. पन्नास हजारांहून जास्त पोर्तुगीज सैनिक फ्लँडर्सला गेले आणि ९ एप्रिल १९१८ रोजी लिस नदीकाठी जर्मन हल्ल्यात त्यांची फळी एका दिवसात मोडली. वसाहती मात्र राहिल्या.

आता दुसरी गोष्ट. १९३९मध्ये पुन्हा तीच धावपळ झाली, आणि एरेनफेल्स, ब्राउनफेल्स, ड्राखेनफेल्स ही तीन जर्मन जहाजं मुरगावात शिरली. पुढे आन्फोरा हे इटालियन जहाजही त्यांच्या शेजारी आलं. खलाशी किनाऱ्यावर येत-जात राहिले. तीन वर्षं उलटली. अरबी समुद्रात आणि हिंदी महासागरात पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या, आणि एरेनफेल्सवरच्या चोरट्या वायरलेसवरून त्यांना बातम्या जातात अशी ब्रिटिश गुप्त खात्याची समजूत झाली. त्या वायरलेसने खरंच किती नुकसान केलं यावर अजून वाद आहे.

या बुडणाऱ्या जहाजांवर कोण होतं, तेही सांगायला हवं, कारण कोकणातल्या लेखनात ते राहून जातं. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर डेकचे खलाशी आणि सारंग (त्यांचे मुकादम) रत्नागिरीकडचे, बरेचसे कोकणी मुसलमान. सलूनमधले वाढपी आणि आचारी गोव्याचे ख्रिस्ती, मुंबईत धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या वस्तिगृहांत, राहून बोटीची वाट बघणारे तारवटी (बोटीवरचे नोकर). कागदोपत्री पहिला युद्धातल्या देशाचा, दुसरा तटस्थ देशाचा. टॉर्पेडोला हा फरक कळत नव्हता. घरीही फारसा नव्हता : मार्च १९४२मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, तेव्हा वेंगुर्ल्याची चूल आणि म्हापशाची चूल सारखीच अडली. तटस्थतेचा शिक्का पासपोर्टवर असतो, पोटावर नाही.

९ मार्च १९४३च्या रात्री फीबी नावाचा एक गाळ वाहणारा बार्ज मुरगावच्या तोंडाशी आला. वर अठरा जण होते. कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या हौशी पलटणींतले हे व्यापारी आणि कंपन्यांचे साहेब, बरेचसे मध्यमवयीन. नियमित सैन्य मुद्दाम घेतलं नव्हतं. पकडले गेले तर दारूच्या नशेत केलेला चावटपणा म्हणून ब्रिटिश सरकारला हात झटकता यावेत. जर्मनीने पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारलं होतं त्याला त्या दिवशी बरोबर २७ वर्षं झाली होती. हा योगायोगच, पण मजेशीर. किनाऱ्यावर खलाशांसाठी मेजवानी वगैरे ठेवून जहाजं बरीचशी रिकामी केलेली होती. हल्लेखोर एरेनफेल्सवर चढले, झटापटीत कप्तान मारला गेला. जहाज पळवून न्यायचा विचार होता, पण आतल्या खलाशांनी पाणी आत घेणाऱ्या झडपा उघडल्या आणि ते बसायला लागलं. एरेनफेल्सवरच्या ज्वाळा पाहून शेजारच्या तिन्ही जहाजांवरच्या लोकांनी, आता आपली पाळी, असं समजून आपली जहाजं स्वतःच बुडवली. फीबी पहाटेपूर्वी निघून गेली. हे प्रकरण १९७८पर्यंत जाहीर झालं नाही.

तटस्थ देशाच्या बंदरात शिरून परक्याची जहाजं बुडवणं यापेक्षा उघड अपमान कोणता? १९१६ला याहून कमी कारणावरून युद्ध झालं होतं. या वेळी कोणीच आवाज चढवला नाही. बर्लिनला पोर्तुगालचं वुल्फ्रॅम हवं होतं. रणगाडे फोडणाऱ्या गोळ्यांना आणि कठीण पोलादाला लागणारं हे खनिज सालाझार दोन्ही बाजूंना विकत होते. लंडनला अटलांटिकमधल्या पोर्तुगालच्या अझोर बेटांवर विमानतळ हवा होता आणि तो त्याच वर्षी ऑगस्टच्या करारात मिळाला. चर्चिल यांनी ऑक्टोबरमध्ये पार्लमेंटात १३७३च्या तहाचाच दाखला देऊन ते जाहीर केलं. आणि सगळ्यांनाच एक अशी जागा हवी होती जिथे शत्रूशी देवघेव करता येईल. ऑक्टोबर १९४३मध्ये, ती बुडालेली जहाजं अजून पाण्यात असताना, त्याच मुरगावात अमेरिकन आणि जपानी नागरिकांची अदलाबदल झाली. जपानहून तेइआ मारू आली, अमेरिकेहून स्वीडनची ग्रिप्सहोम. दोन्हीकडचे दीड-दीड हजारांच्या आसपास लोक एकातून उतरून दुसऱ्यात चढले. लढणाऱ्यांनाही कुंपण लागतं.

तिमोर पाहिलं तर माझा मुद्दा आणखी पक्का होतो. पोर्तुगीज तिमोरमध्ये डिसेंबर १९४१ला आधी ऑस्ट्रेलियन आणि डच सैन्य उतरलं, फेब्रुवारी १९४२ला जपानी. दोन महिन्यांत दोन्ही बाजूंनी तटस्थता मोडली. तिथले किमान चाळीस हजार लोक त्या काळात मेले असा अंदाज आहे. लिस्बनने निषेध नोंदवला आणि युद्ध पुकारलं नाही. जपानविरुद्ध उतरलं तर चीनच्या किनाऱ्यावरची मकाव ही वसाहत जाईल आणि मिळणार काही नाही. अपमान, जप्ती, माणसांचे जीव, ही निमित्तं तटस्थ देशाच्या दाराशी वर्षभर पडलेलीच असतात. बाहेर राहणं जास्त महाग पडेल असं राज्यकर्त्यांना वाटलं की त्यांतलं एक उचललं जातं. १९१६मध्ये लिस्बनला वसाहती वाचवायला युद्ध लागलं, १९४३मध्ये त्याच वसाहती वाचवायला शांतता लागली.

शेवटच्या क्षणी उडी मारणारेही होते. संयुक्त राष्ट्रांची स्थापना करणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेला १ मार्च १९४५पर्यंत युद्ध पुकारलेल्यांनाच आमंत्रण मिळणार होतं, म्हणून तुर्कस्तानने २३ फेब्रुवारीला जर्मनी-जपानविरुद्ध युद्ध जाहीर केलं. सालाझार यांनी तेही केलं नाही. परिणाम असा झाला की न विचारता युद्धात ढकललेला हिंदुस्थान, अजून गुलाम असूनही, संयुक्त राष्ट्रांचा संस्थापक सदस्य झाला आणि पोर्तुगालला आत यायला डिसेंबर १९५५ उजाडलं. आल्याबरोबर विचारणा झाली की तुमच्या ताब्यात स्वराज्य नसलेले प्रदेश कोणते. पोर्तुगालने उत्तर दिलं, एकही नाही. गोवा हा आमचा सागरापलीकडचा प्रांत आहे. डिसेंबर १९६०च्या ठरावात संयुक्त राष्ट्रांनी गोव्याचं नाव त्या यादीत घातलं. पुढच्या डिसेंबरात भारतीय सैन्य हद्दीवर जमलं तेव्हा सालाझार यांनी लंडनला जुन्या मैत्रीच्या तहांची आठवण करून दिली. राष्ट्रकुलातल्या देशाविरुद्ध लढता येणार नाही, असं ब्रिटनने कळवलं.