लॅक्सटनची तीन शेते: इंग्लंडमधल्या गावाचे वर्ष कसे घडले आणि कसे मोडले

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशर परगण्यात, शेरवूडच्या जंगलपट्ट्याच्या पूर्वेला, लॅक्सटन नावाचे छोटे गाव आहे. नोव्हेंबर संपत आला की तिथले शेतकरी ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बसून शिवारात जातात. बरोबर लाकडी खुंट्या आणि घण असतो. गव्हाचे कोंब नुकतेच वर आलेले असतात, ओल्या मातीत बूट रुततात. मंडळी पट्ट्यांच्या टोकाशी उतरतात, जुनी खुंटी जागेवर आहे का ते पाहतात, नसेल तर दोन्ही बाजूंचा अंदाज घेऊन नवी ठोकतात. नांगर फिरवताना कोणी रस्त्याची किंवा कडेच्या गवताळ पट्टीची हातभर जमीन खाल्ली असेल, तर त्याचे नाव टिपले जाते. आठवड्याभराने गावातल्या ‘डव्हकोट इन’ या पबमध्ये सभा भरते. हजेरी होते, शपथा होतात, गैरहजर राहणाऱ्यांना नाममात्र दंड होतो आणि बांध कोरणाऱ्यालाही काही पौंड भरावे लागतात.

या सभेला कोर्ट लीट म्हणतात. मध्ययुगात अशा सभा इंग्लंडभर भरत. सामाईक शिवाराचा कारभार खरोखर हाकणारी सभा आज लॅक्सटनमध्येच उरली आहे. इंग्लंडमधल्या खेड्याचे सण, जत्रा, चर्चमधले सोहळे आणि गावसभा कुठून आल्या हे समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात या खुंट्यांपासून करावी असे मला वाटते. त्या वर्षचक्राचा पाया जमिनीच्या वाटणीत होता.

लॅक्सटनच्या शिवारात तीन मोठी शेते आहेत: वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. त्यांच्या पोटात कुंपण नाही. प्रत्येक शेत लांबट पट्ट्यांत विभागलेले, आणि प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले. एका वर्षी एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे जव, वाटाणा वगैरे, आणि तिसरे पडीक. पुढच्या वर्षी पाळी सरकते. पूर्वी पडीक शेतात आणि पीक निघाल्यावरच्या धसकटांत साऱ्या गावाची गुरे एकत्र चरत. (हल्ली पडीक शेतातही चाऱ्याचे पीक घेण्याची मुभा आहे.) अशा व्यवस्थेत एकट्याने काहीच करता येत नाही. शेजाऱ्याने पेरणी लांबवली तर त्याचे उभे पीक सगळ्यांची चराई अडवते. एकाने गुरे लवकर सोडली तर दहा जणांचे नुकसान. म्हणून पेरणी कधी, कापणी कधी, गुरे कधी आत सोडायची, हे सगळ्यांनी मिळून ठरवावे लागे. मोकाट गुरे कोंडवाड्यात घालणारा माणूस गावाने नेमलेला असे. शिवार तपासणाऱ्या पंचांची नेमणूकही याच सभेत होई, आणि लॅक्सटनमध्ये आजही तशीच होते.

शेतांच्या मधल्या ओलसर, नांगर न लागणाऱ्या खोलगट भागांना तिथे साइक म्हणतात. त्यांतले गवत कापणीच्या हंगामात लिलावाने विकले जाते. शतकानुशतके न नांगरलेल्या या कुरणांत दुर्मिळ रानफुले टिकून राहिली, म्हणून त्यांना आता कायद्याने संरक्षण आहे. जुन्या नियमांनी नकळत निसर्गही राखला तो असा.

हे शिवार चारशे वर्षांपूर्वी कसे दिसत होते ते आपल्याला ठाऊक आहे, कारण 1635 मध्ये मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने त्याचा नकाशा काढला. लंडनचे धनाढ्य व्यापारी सर विल्यम कोर्टन यांनी ही जहागीर विकत घेतली होती आणि आपण नेमके काय घेतले हे त्यांना पाहायचे होते. तो नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात पट्टे तर आहेतच, पण त्यांच्यामध्ये नांगरणारे, कापणी करणारे, शिकारीला निघालेले इवलेसे लोकही रंगवले आहेत. जमाबंदीच्या कागदावर माणसे काढावीशी वाटली, हे मला फार मोलाचे वाटते.

आता पॅरिशकडे वळू. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चचे आणि एका पाद्र्याचे कार्यक्षेत्र. तिथल्या पिकाचा दहावा हिस्सा चर्चला जाई. लॅक्सटनचे चर्च संत मायकेलच्या नावाचे आहे, आणि त्यांचा सण 29 सप्टेंबरला, मायकेलमसला येतो. हाच दिवस इंग्लंडमध्ये खंड चुकता करण्याचाही होता. वर्षाचे असे चार हिशेबाचे दिवस असत: 25 मार्च, 24 जून, 29 सप्टेंबर आणि 25 डिसेंबर. चारही धार्मिक सण, आणि चारही दिवशी पैशांची देवघेव. सण आणि हिशेब वेगळे करायचे कोणाच्या मनातही आले नसते.

पॅरिशवर सरकारी कामाचे ओझे पडू लागले ते सोळाव्या शतकात. 1538 मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवावी. मग 1601 च्या गरिबांच्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपापल्या निराधारांना पोसण्याची जबाबदारी टाकली. त्यासाठी घरपट्टीसारखा कर बसवायचा आणि तो वाटायला गावातलेच पंच नेमायचे. चर्चच्या खोलीवरून व्हेस्ट्री म्हटली जाणारी गावकऱ्यांची बैठक आता रस्ते, गरीब, चर्चची डागडुजी असे सगळेच पाहू लागली.

1662 च्या कायद्याने माणूस नेमका कोणत्या पॅरिशचा हे ठरवण्याचे नियम आणले, आणि त्याचा फटका सर्वांत दुबळ्यांना बसला. लग्नाविना झालेले मूल जिथे जन्मले त्या पॅरिशचे धरले जाई. त्यामुळे परगावची गरोदर बाई दिसली की गावचे पंच तिला बाळंतपणाआधीच शिवेपलीकडे पोचवायची घाई करत. शेजारधर्म आणि निष्ठुरपणा एकाच बैठकीतून निघत होते, हे विसरून जुन्या गावगाड्याचे गोडवे गाऊ नयेत.

शीव कुठून जाते याला एवढे महत्त्व असल्यावर ती लोकांच्या लक्षात राहणे भाग होते. मोजणीचे नकाशे बहुतेक गावांकडे नव्हते. इथे एक जुना सण उपयोगी पडला. ईस्टरनंतर पाच आठवड्यांनी, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधीचे तीन दिवस रोगेशनचे. फ्रान्समधल्या व्हिएन गावच्या बिशप मामर्टसने पाचव्या शतकात सुरू केलेली ही पिकांसाठीची प्रार्थनायात्रा. प्रॉटेस्टंट सुधारणेत इंग्लंडमधल्या बहुतेक मिरवणुका बंद झाल्या, पण एलिझाबेथ राणीच्या 1559 च्या आज्ञांनी ही एक चालू ठेवली, कारण तिच्यात शीव पाहून घेतली जाई. पाद्री पुढे, मागे म्हातारे, मधे पोरे. हातात विलोच्या काठ्या. हद्दीचा दगड आला की काठ्यांनी तो बडवायचा. काही ठिकाणी पोरालाच उलटे धरून दगडावर आपटत, किंवा ओढ्यात बुचकळत, आणि मग हातावर पैसा किंवा केक ठेवत. साठ वर्षांनी शिवेचा वाद उभा राहिला की तो पोरगा म्हातारा होऊन साक्षीला उभा राही. ठरावीक झाडाखाली थांबून बायबलचा उतारा वाचत. त्यावरून कित्येक गावांत ‘गॉस्पेल ओक’ अशी नावे आजही आहेत. वाटेत बिअर आणि भाकरी असेच. सतराव्या शतकातला कवी आणि बेमर्टनचा पाद्री जॉर्ज हर्बर्ट याने या फेरीचे जे फायदे सांगितले, त्यांत हद्दीच्या न्यायाबरोबर शेजाऱ्यांनी सोबत चालून मने जुळवणे हाही एक होता.

वर्षातले बाकीचे दिवसही असेच कामाला बांधलेले होते. 6 जानेवारीनंतरचा पहिला सोमवार म्हणजे प्लाऊ मंडे, नांगराचा सोमवार. नाताळची सुट्टी संपून नांगरणीला लागायचा हा दिवस. ईस्ट मिडलंड्समध्ये, म्हणजे लॅक्सटनच्याच मुलखात, गडी तोंडे काळी करून नांगर ओढत दारोदार फिरत, छोटी नाटके करत आणि पैसे मागत. कोणी हात आखडला तर त्याच्या दारासमोर नांगराने तास पाडायची धमकी असे. पोटाला हातभार हवाच होता, कारण थंडीत मजुरी कमी. 1 ऑगस्टला लॅमस. नव्या गव्हाच्या भाकरीचा दिवस, आणि अनेक गावांत गवताची कुरणे सर्वांच्या गुरांना खुली होण्याचाही. सुगी संपल्यावर बायका आणि मुले सरवा वेचायला शेतात शिरत. काही गावांत सकाळ-संध्याकाळ चर्चची घंटा वाजवून त्याची वेळ ठरवलेली असे, म्हणजे धडधाकट बाईने पहाटे जाऊन सगळे गोळा करू नये. गरीब घराला त्यातून कित्येक आठवड्यांचे पीठ मिळे. 1788 मध्ये न्यायालयाने निकाल दिला की सरवा वेचण्याचा असा कोणताही हक्क कायद्यात नाही.

तो निकाल एकटा आला नव्हता. 1604 ते 1914 या काळात संसदेने सुमारे 5200 कायदे करून सामाईक शिवारे मोडली आणि इंग्लंडची पाचव्या हिश्श्याहून अधिक जमीन कुंपणाच्या आत गेली. पट्टे एकत्र करून प्रत्येकाला सलग तुकडा मिळाला. उत्पन्न वाढले असे जमीनदार म्हणत, आणि बऱ्याच ठिकाणी ते खरेही होते. पण ज्याच्याकडे जमीन नव्हती, फक्त गायरानात एक गाय चारायची मुभा होती, त्याच्या हातात काही राहिले नाही. गावाची ठेवणही बदलली: शेतकरी घरे सोडून आपापल्या तुकड्याच्या मध्यावर राहायला गेले. लॅक्सटनमध्ये शेतघरे अजून गावातल्या रस्त्याला लागून दाटीने उभी आहेत, आपल्याकडे गावठाण एका बाजूला आणि शिवार बाहेर असते तशी. लॅक्सटनचीही काही जमीन कुंपणात गेली. तीन शेतांचा गाभा मात्र वाचला.

शिवार मोडल्यावर सभांना काम उरले नाही. पुढे 1834 च्या कायद्याने गरिबांचा प्रश्नही पॅरिशकडून काढून अनेक गावांच्या संघाकडे दिला. ज्याला अन्न हवे त्याने वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांकडून काम करून घेऊन त्यांना पोसणाऱ्या घरात, राहावे, हे त्याचे तत्त्व. त्याचा नमुना लॅक्सटनपासून फार दूर नसलेल्या साउथवेलच्या वर्कहाउसचा होता. जॉन बेचर नावाच्या पाद्र्याने ते 1824 मध्ये उभारले होते.

आज इंग्लिश गावाचा ‘परंपरागत’ म्हणून ओळखला जाणारा सुगीचा सोहळा याच पोकळीत जन्मला. कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावी रॉबर्ट हॉकर या पाद्र्याने 1843 च्या शरद ऋतूत चर्चमध्ये सुगीच्या आभारप्रार्थनेला गावकऱ्यांना बोलावले आणि पुढच्या काही दशकांत ही प्रथा देशभर पसरली. खिडकीत भोपळे, वेदीपाशी गव्हाच्या पेंढ्या, गव्हाच्या जुडीच्या आकाराचा मोठा पाव. सुगीची मेजवानी आधीही असे, पण ती मालकाच्या खळ्यावर; भरपूर बिअर, आरडाओरडा, शेवटच्या गाडीवरची गाणी. चर्चमधला सोहळा शांत, सभ्य आणि पाद्र्याच्या देखरेखीखालचा. मला तो आवडतो, आणि जमलेले धान्य गरजूंना देण्याची रीतही चांगली आहे. तरी त्यात शेतमजुराची जागा बदलली, हे खरे: खळ्यावर तो हक्काने बसत होता, इथे बाकावर बसून आभार मानू लागला.

गावाला निवडून दिलेला कारभार मिळाला तो 1894 मध्ये. त्या वर्षीच्या कायद्याने तीनशे किंवा त्याहून अधिक वस्तीच्या ग्रामीण पॅरिशला परिषद आणि त्याहून लहान गावाला निदान गावसभा दिली, आणि चर्चचा व सरकारी कारभाराचा पॅरिश वेगळा केला. स्त्रियांना, विवाहितांनाही, या परिषदांवर निवडून येता येऊ लागले. विधेयक नेटाने पुढे नेणारे मंत्री हेन्री फाउलर त्याच वर्षी भारतमंत्री झाले. आज दिवाबत्ती, दफनभूमी, खेळाचे मैदान आणि गावाचा हॉल एवढ्यावर बहुतेक परिषदांचे काम चालते. उन्हाळी जत्रा, भाज्या-फुलांचे प्रदर्शन आणि सुगीचे जेवण आता याच हॉलमध्ये होते.

लॅक्सटन मात्र जमिनीला धरून राहिले, आणि तेही आपोआप नव्हे. जहागीरदार अर्ल मॅन्व्हर्स यांनी 1952 मध्ये ते कृषी मंत्रालयाला विकले. 1981 मध्ये ते राजपदाच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे आले. 2020 मध्ये पुन्हा मॅन्व्हर्स घराण्याच्या वारशातल्या थोर्सबी इस्टेटने विकत घेतले. मालक बदलले तरी कोर्ट लीट चालू राहिली. खरी अडचण आता शेतकऱ्यांची आहे. अवजारे रुंद होत गेली, पट्टे जोडून मोठे करावे लागले. 1635 च्या नकाशात दोन हजारांहून अधिक पट्टे होते, आता त्यांची संख्या दोनशेच्याही आत आहे. विखुरलेल्या पट्ट्यांवर एका कुटुंबाचे भागत नाही, म्हणून बहुतेकांची बाहेर कुंपणातली जमीनही आहे. पंच म्हणून शपथ घ्यायला माणसे लागतात, आणि ती या तीन शेतांत प्रत्यक्ष राबणारीच असावी लागतात.