"लहान आहे, विसरून जाईल" हे अर्धंच खरंय

फॅमिली ग्रुपवर फिरणारं वाक्य, ३ वर्षांच्या आतल्या पोराला काही आठवत नाही, म्हणून मारहाण, घरातली भांडणं त्याला लागत नाहीत. प्रसंग मोठेपणी सांगता येत नाही हे खरं. पण भीती लक्षात राहायला शब्द लागत नाहीत. बघायचंय? कोथरूडमधल्या कुठल्याही मुलांच्या डॉक्टरकडे वेटिंगमध्ये बसा, दीड वर्षाचं पोर, इंजेक्शन म्हणताही येत नाही पण केबिनचं दार उघडलं की आईची ओढणी मुठीत घट्ट. मी पुण्यात हाच विषय शिकवते, म्हणून कळकळीने सांगते, झोपेतून किंचाळत उठणं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होणं, याला लगेच हट्ट म्हणू नका, आधी काय घडलंय बघा. रोज जवळ घेणारं एक भरवशाचं माणूस असलं तर मुलं सावरतात, खूप सावरतात. मुलाला कोणी त्रास देतंय अशी शंका आली तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला कळवा, फोन फुकट, २४ तास.