मॉनिटरमागचे दोन लूप: पॅसिव्ह आणि ॲक्टिव्ह

रॅकमध्ये बसवायचा मॉनिटर खोक्यातून काढून टेबलावर पालथा घातला की मागे बीएनसी सॉकेटांची, म्हणजे व्हिडिओची तार लावायच्या गोल सॉकेटांची, रांग दिसते. एकाखाली ‘इन’ लिहिलेलं असतं, शेजारच्याखाली, म्हणजे तोच सिग्नल पुढच्या यंत्राला द्यायच्या सॉकेटाखाली, ‘लूप’ किंवा ‘आउट’. जुन्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरमागे हेच होतं आणि आज ३ यू (‘यू’ हे रॅकच्या उंचीचं माप) उंचीत शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोन छोट्या एलसीडींमागेही हेच आहे. सॉकेट तेच, शब्दही तोच. आतलं काम मात्र इतकं निराळं आहे की एकाची सवय दुसऱ्याला लावली तर चालू प्रक्षेपण बंद पडतं. मी ते पडलेलं पाहिलंय, त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी पॅसिव्ह लूप, कारण आमच्या पिढीचा हात त्यावर बसला. आपल्याकडे १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आलं ते पॅल पद्धतीचं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं कंट्रोल रूममध्ये फिरणारा सिग्नल म्हणजे कॉम्पोझिट व्हिडिओ: ७५ ओहमच्या तारेवर १ व्होल्ट, त्यातला ०.३ व्होल्ट सिंकचा (चित्राच्या ओळी जागच्या जागी ठेवणाऱ्या खुणेचा) आणि ०.७ व्होल्ट चित्राचा. या मॉनिटरच्या ‘इन’ची मधली पिन आणि ‘लूप’ची मधली पिन आतून थेट एकमेकींना जोडलेल्या असतात. मध्ये काहीच नाही, नुसती तार. मॉनिटर त्या तारेला फक्त कान लावून बसतो. त्याच्या इनपुटचा अवरोध हजारो ओहमचा असल्यामुळे तो सिग्नलमधून जवळजवळ काही घेतच नाही. मॉनिटर बंद करा, प्लग काढा, फ्यूज उडू द्या, सिग्नल पुढच्या यंत्राकडे जातच राहतो. एकाच फीडवर चार-पाच मॉनिटर ओळीने टांगायचे आणि त्याची दुसऱ्या दिवशी आठवणही ठेवायची नाही, असा तो काळ होता.

त्याचं पथ्य एकच होतं, टर्मिनेशन, म्हणजे तारेच्या शेवटच्या टोकाला ७५ ओहमचा रोध लावणं. ओळीतल्या शेवटच्या मॉनिटरवर ७५ ओहमचा टर्मिनेटर लावायचा, किंवा मागचं छोटं स्विच ७५ ओहमवर ढकलायचं, आणि हे फक्त शेवटच्याच मॉनिटरवर. का, ते आकड्यांत बघा. सिग्नल पाठवणारं यंत्र आत २ व्होल्ट तयार करतं आणि ते स्वतःच्या ७५ ओहममधून बाहेर सोडतं. समोर ७५ ओहम भेटले की निम्मा व्होल्टेज आत राहतो आणि तारेवर बरोबर १ व्होल्ट मिळतो. टर्मिनेटर विसरलात तर तारेवर पूर्ण २ व्होल्ट येतात: चित्र भगभगीत, पांढरे शर्ट धुऊन निघाल्यासारखे, आणि तार लांब असेल तर उभ्या कडांना फिकट सावली. दोन ठिकाणी टर्मिनेशन लागलं तर ७५ला ७५ समांतर, म्हणजे साडेसदतीस ओहम, आणि तारेवर १ व्होल्टच्या जागी ०.६७. चित्र मलूल दिसतं. मग कुणीतरी ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट वर चढवतो आणि तो मॉनिटर कायमचा खोटं दाखवू लागतो.

काही चांगल्या मॉनिटरांत टर्मिनेशन आपोआप होई. लूपच्या सॉकेटमध्ये काही खोचलेलं नसेल तर आतले ७५ ओहम लागत आणि तार खोचली की सुटत. सोय छानच, पण तिनेही मला एकदा तासभर फिरवलंय. एका मॉनिटरवर चित्र दुप्पट उजळ, टर्मिनेटर शोधावा तर ओळीतला तो शेवटचाच आणि टर्मिनेशन आपोआप होणारा. शेवटी टॉर्च घेऊन रॅकच्या मागे वाकलो तेव्हा दिसलं: लूपमध्ये हातभर तार खोचलेली आणि तिचं दुसरं टोक मोकळंच खाली लोंबत होतं. मॉनिटर बदलताना कुणीतरी सोडलेली. सॉकेटला वाटत होतं की पुढे यंत्र आहे, म्हणून त्याने आपले ७५ ओहम सोडून दिले होते. तेव्हापासून मोकळी तार रॅकमध्ये राहू द्यायची नाही, हा नियम मी कसोशीने पाळतो.

आता ॲक्टिव्ह लूप. एसडीआय, म्हणजे डिजिटल व्हिडिओ तारेवरून नेण्याची पद्धत, आली आणि तारेवर चित्राऐवजी बिट धावू लागले: एसडीला सेकंदाला २७० मेगाबिट, एचडीला १.४८५ गिगाबिट, १०८०पी ५०ला २.९७ गिगाबिट. या वेगाला तारेला कान लावून बसणं जमत नाही. एचडीचा एक बिट तारेवर पसरतो जेमतेम १६ सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या वितीपेक्षाही कमी. पॅलमधल्या सर्वांत बारीक तपशिलाची लहर याच तारेवर ४० मीटरच्या घरात असते, म्हणून तिथे टी-जोड लावून दहा सेंटिमीटरचा फाटा काढला तरी सिग्नलला पत्ता लागत नसे. एसडीआयवर तोच फाटा एका बिटाच्या निम्म्याहून जास्त लांबीचा होतो. फाट्याच्या टोकावरून परतलेला प्रतिध्वनी पुढच्या बिटावर आदळतो. त्यामुळे एसडीआयच्या तारेला टी लावू नका, अगदी ‘पाच मिनिटांपुरता’सुद्धा. (२७० मेगाबिटच्या दिवसांत काही मापनयंत्रांवर एसडीआयचाही पॅसिव्ह लूप असे. वेग वाढला तसा तो मागे पडला.)

म्हणून एसडीआय मॉनिटर सिग्नल पूर्ण आत घेतो. इनपुटला ७५ ओहम कायमचे आतच बसवलेले असतात, टर्मिनेशनचं स्विच नाही, टर्मिनेटरची टोपीही नाही. मग इक्वलायझर तारेत झिजलेल्या उच्च कंप्रता भरून काढतो, चांगल्या मॉनिटरात रीक्लॉकर बिटांची वेळ पुन्हा ठाकठीक करतो, आणि शेवटी ड्रायव्हर ८०० मिलिव्होल्टचा कोरा सिग्नल ‘लूप’मधून बाहेर सोडतो. बाहेर पडणारे बिट आतल्या बिटांसारखेच असतात, त्यात गुंफलेला ऑडिओही तसाच जातो. पण सिग्नल नव्याने बनवलेला असतो.

गावाकडच्या पाण्याचं उदाहरण घेतलं तर फरक लगेच कळतो. पॅसिव्ह लूप म्हणजे बांधावरून जाणारा पाट. तुम्ही काठावर बसून पाणी बघता, उठून गेलात तरी पाणी पुढच्या शेताला जातंच. ॲक्टिव्ह लूप म्हणजे आधी पाणी आपल्या विहिरीत घ्यायचं आणि मोटर लावून पुढच्या शेताला द्यायचं. दाब नव्याने मिळतो, म्हणून पाणी लांबवर जातं. पण वीज गेली की पुढचं शेत कोरडं.

दाब नव्याने मिळतो हा फायदा खराच आहे. ७ मिलिमीटर जाडीच्या चांगल्या कोॲक्स तारेवर एचडी साधारण १०० मीटर जातो. वाटेत रीक्लॉक करणारा मॉनिटर असेल तर त्याच्यापुढे नवे १०० मीटर मिळतात. मैदानात तात्पुरतं काम असताना मी हे मुद्दाम वापरलेलं आहे. मात्र रीक्लॉकर नसलेले, फक्त इक्वलाइज करणारे स्वस्त मॉनिटर ओळीने जोडले तर प्रत्येक टप्प्यावर जिटर, म्हणजे बिटांच्या वेळेतली थरथर, साठत जातो. डिजिटलमध्ये हे आधी दिसत नाही. तीन मॉनिटरांपर्यंत चित्र निर्मळ, चौथ्यावर ठिणग्या आणि पाचवा काळाठिक्कर. ॲनालॉग हळूहळू मलूल होत सूचना देतो. एसडीआय कड्यावरून सरळ खाली पडतो.

आता ती रात्र. एका छोट्या वाहिनीचा एमसीआर, म्हणजे मास्टर कंट्रोल रूम. नाव सांगत नाही. कार्यक्रम चालवणाऱ्या प्लेआउट सर्व्हरचा एसडीआय आधी ३ यूच्या जोड-मॉनिटरमध्ये गेला होता आणि त्याच्या लूपमधून प्रक्षेपणासाठी सिग्नल तयार करणाऱ्या एन्कोडरला. जोडणी करणारा माणूस पॅलवर वाढलेला, कामात चोख. त्याच्या हिशेबाने मॉनिटर वाटेतला प्रेक्षक होता. मॉनिटरला वीज होती ती १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरची, रॅकच्या खांबाला पट्टीने बांधलेला. शेजारून नवी तार सारताना ॲडॅप्टरची गोल पिन बोटभर मागे सरली. मॉनिटर काळा, एन्कोडरवर ‘नो सिग्नल’, वाहिनी काळी.

यात वाईट भाग पुढचा. सगळे सर्व्हरकडे धावले, आणि का धावणार नाहीत? मॉनिटर काळा आणि प्रक्षेपणही काळं, दोन्ही एकाच क्षणी, म्हणजे उगमच बंद पडला असं कुणालाही वाटेल. सर्व्हर मात्र आपल्या स्क्रीनवर बातम्या व्यवस्थित चालवत होता. पॅसिव्ह लूप असता तर मॉनिटर काळा आणि प्रक्षेपण सुरू, म्हणजे दोष मॉनिटरचा, हे एका नजरेत कळलं असतं. ॲक्टिव्ह लूप दोष झाकून टाकतो, कारण बघणारा आणि वाहून नेणारा एकच असतो. पिन सरकल्याचं ध्यानात यायला जी मिनिटं गेली ती मला अजून टोचतात. आणखी एक गोष्ट टोचते. त्या रॅकला दोन स्वतंत्र यूपीएस होते, सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय, एन्कोडरलाही दोन. एवढा खर्च करून मधोमध एका ॲडॅप्टरवर चालणारी कडी घातली गेली होती.

बंद मॉनिटर सोडा, चालू मॉनिटरसुद्धा पुढच्याला अडचणीत आणतो. म्हणून सेटिंग करताना लूपशी संबंधित गोष्टी आधी बघा, रंग नंतर. स्टँडबायमध्ये लूप जिवंत राहतो की नाही, हे मॉडेलनुसार बदलतं. सिग्नल नसताना आपोआप झोपण्याची सोय मेन्यूत असेल तर ती बंद करा. दोन इनपुट आणि एकच आउट असलेल्या मॉनिटरमध्ये ते आउट बहुधा निवडलेल्या इनपुटमागे जातं. समोरचं बटण दाबून कुणी सहज दुसरा कॅमेरा बघितला, तर मागच्या तारेवरही दुसरा कॅमेरा जातो. आणि मॉनिटर ज्या वेगाचा, लूपही त्याच वेगाचा: १.४८५ गिगाबिटचा जुना मॉनिटर १०८०पी ५० पुढे देणार नाही. पॅसिव्ह लूपच्या बाबतीत यातला एकही प्रश्न उभा राहत नव्हता, म्हणूनच जुन्या माणसाला तो विचारायची सवय नाही.

आता नव्या माणसाची चूक. एसडीआयवर वाढलेल्या मुलांना वाटतं की टर्मिनेटर हा इतिहासातला प्रकार. मग ती वेव्हफॉर्म मॉनिटर (सिग्नल मोजून दाखवणारं यंत्र) रॅकला लावतात, एसडीआय जोडतात आणि खालच्या ‘रेफ’ लिहिलेल्या दोन बीएनसींकडे वळतात. तिथे सगळ्या यंत्रांची वेळ जुळवणारा रेफरन्स सिग्नल येतो: ब्लॅक बर्स्ट किंवा ट्राय-लेव्हल सिंक. तो आजही ॲनालॉग आहे आणि त्याचा लूप बहुतेक यंत्रांवर आजही पॅसिव्ह असतो. म्हणजे एकाच पत्र्यावर, तळहाताएवढ्या जागेत, वरचा लूप ॲक्टिव्ह आणि खालचा पॅसिव्ह. खालच्याला टर्मिनेटर लावला नाही तर सिंक दुप्पट उंचीचा येतो. बरीच यंत्रं तरीही त्याच्याशी वेळ जुळवतात, म्हणजे लॉक होतात, एखादं मधूनच लॉक सोडतं, आणि दोष सापडता सापडत नाही. रेफरन्सची ओळ संपते तिथे टोपी लागलीच पाहिजे.

कोणता लूप कोणत्या जातीचा हे माहितीपुस्तिका नसताना ओळखायचं तर मल्टिमीटर घ्या. यंत्र बंद, सगळ्या तारा काढलेल्या. मीटरचं एक टोक ‘इन’च्या मधल्या पिनला, दुसरं ‘लूप’च्या. मीटर शून्याच्या आसपास दाखवून वाजला की आत तार आहे, म्हणजे पॅसिव्ह. नाही वाजला तर ॲक्टिव्ह. पॅसिव्हमध्ये मधली पिन आणि बाहेरची कडी यांच्यात ७५ ओहम दिसले तर टर्मिनेशन चालू आहे, खूप जास्त दिसले तर बंद. पिनेवर टोक दाबू नका, नुसतं टेकवा, नाहीतर सॉकेट सैल होतं. टर्मिनेटर पेटीत टाकण्याआधी तोही मीटरवर बघून घ्या, कारण नेटवर्कच्या जुन्या ५० ओहमच्या टोप्या दिसायला अगदी तशाच असतात आणि एकाच डब्यात सापडतात.

माझी स्वतःची जोडणी आता ठरलेली आहे. प्रक्षेपणाचा सिग्नल कुठल्याही मॉनिटरच्या पोटातून नेत नाही. सर्व्हरनंतर रीक्लॉक करणारा डीए, म्हणजे एका सिग्नलच्या अनेक प्रती देणारा डिस्ट्रिब्युशन ॲम्प्लिफायर, ठेवतो. त्याच्या एका आउटवरून एन्कोडर, दुसऱ्यावरून मॉनिटर. डीएचं एखादं कार्ड महाग वाटतं, पण ज्या फ्रेममध्ये ते बसतं तिला दोन पॉवर सप्लाय असतात. मॉनिटर हा त्या फांदीचा शेवट. लूप वापरायचाच तर मॉनिटरकडून मॉनिटरकडे, तोही दोनापलीकडे नाही. रॅक मॉनिटर उथळ असतात आणि मागचं दार लवकर येतं, तेव्हा तार बीएनसीपासून एकदम काटकोनात वळवू नका. व्यासाच्या दहापट तरी गोलाई द्या, म्हणजे ७ मिलिमीटरच्या तारेला ७ सेंटिमीटर. आणि बांधायला प्लॅस्टिकच्या टायऐवजी वेल्क्रो वापरा. आवळलेल्या टायने तार चेपते आणि चेपलेल्या जागी ७५ ओहम ७५ राहत नाहीत.

काम सोपवण्याआधी मी शिफ्ट इंजिनिअरला रॅकपाशी उभं करतो, प्लेआउटवर कलर बार (रंगीत पट्ट्यांचं चाचणी-चित्र) लावतो, आणि एन्कोडरच्या आउटवर नजर ठेवायला सांगून वरपासून खालपर्यंत एकेका मॉनिटरची वीज काढतो. बार हलता कामा नयेत. ज्या मॉनिटरपाशी हलतात त्यावर तिथल्या तिथे लाल पट्टी चिकटवायची आणि त्याच रात्री ती जोडणी सोडवायची.