केशरचना-प्रसाधने : केसांच्या पोतानुसार निवड

धुतलेल्या केसांना हवे ते वळण देणे, ते दिवसभर टिकवणे, फुगणारे केस बसवणे किंवा चपटे पडणाऱ्या केसांना उठाव आणणे यांसाठी जेल, मूस (फेसासारखे हलके प्रसाधन), क्रीम, सीरम, वॅक्स, क्ले, पोमेड (चमक आणणारे घट्ट मलम), स्प्रे असे पदार्थ वापरले जातात. त्यांना केशरचना-प्रसाधने म्हणतात. त्यांची निवड केसाची जाडी, त्याचे वळण आणि पाणी धरण्याची त्याची क्षमता यांवरून करायची असते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत यात हवापाण्याचाही विचार करावाच लागतो. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी 5500 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या माण तालुक्यात तो 500 मिलिमीटरच्या आसपास असतो. पाचगणीच्या वसतिगृहातल्या मुलीला मानवलेली बाटली माणमधल्या म्हसवडच्या तिच्या मामेबहिणीला उपयोगी पडेलच असे नाही, मग दोघींचे केस दिसायला सारखे का असेनात.

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. बाहेरून कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात आणि आत प्रथिनांचे तंतू. या तंतूंमधले हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. ओले केस बांधून झोपले की सकाळी त्यांना तोच बाक येतो, तो यामुळेच. केसाला वळण द्यायची खरी वेळ म्हणजे तो ओल्याचा कोरडा होत असतानाची. जेल, मूस आणि स्प्रे यांतली पॉलिमरे (लांब साखळीचे रेणू) केसांवर पातळ पापुद्रा धरतात आणि जुळलेले बंध हवेतल्या ओलाव्याने लगेच सुटू देत नाहीत. सीरममधले सिलिकोन खवल्यांवरून पसरून केस गुळगुळीत करते. क्लेमधली केओलिन किंवा बेंटोनाइट ही माती तेल शोषते आणि चमक न आणता पकड देते.

केसांच्या वळणाची सर्वाधिक वापरली जाणारी वर्गवारी आंद्रे वॉकर या अमेरिकन केशरचनाकाराने 1990 च्या दशकात मांडली : 1 सरळ, 2 लाटदार, 3 कुरळे, 4 अतिकुरळे. ती सोयीची आहे, पण केस जाड की बारीक हे तीत कळत नाही. त्यासाठी एक केस अंगठा आणि तर्जनी यांमध्ये फिरवून पाहावा. जाणवलाच नाही तर बारीक, दोऱ्यासारखा स्पष्ट लागला तर जाड. केस पाण्याच्या पेल्यात टाकून बुडतो का ते पाहण्याची चाचणी मात्र भरवशाची नाही, कारण केसावरचे तेल आणि प्रसाधनाचा थरही त्याला तरंगत ठेवतात. धुतल्यावर केस किती वेळाने वाळतात यावरून जास्त समजते. खवले उघडे पडलेले केस पाणी पटकन पितात आणि पटकन सोडतात. रंगवलेले, स्ट्रेटनिंग केलेले किंवा बरीच वर्षे इस्त्री फिरवलेले केस बहुधा असे असतात.

आपल्याकडे एक चूक पिढ्यानपिढ्या होत आली आहे. लाटदार केसांच्या मुलीला लहानपणापासून ‘तुझे केस राठ आहेत’ असे ऐकवले जाते. वाळलेल्या केसांत बारीक दातांची फणी फिरवली की लाटा तुटतात आणि केसांचा फुगारा होतो. मग तो चापून बसवायला तेल येते, शाळेसाठी दोन घट्ट वेण्या येतात आणि केसांचे खरे वळण कोणाला दिसतच नाही. ते पाहायचे असेल तर केस शाम्पूने धुवावेत, कंडिशनर लावलेला असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने गुंता काढावा, पाणी ओतून घ्यावे आणि तेल, फणी, पंचाने झटकणे यांतले काहीही न करता ते वाळू द्यावेत. राठ म्हणवल्या गेलेल्या अनेक डोक्यांवर इंग्रजी एस अक्षरासारख्या लाटा उमटलेल्या दिसतात. त्या केसांत दोष काही नसतो, त्यांना हवे ते मिळालेले नसते.

अशा लाटदार आणि कुरळ्या केसांना प्रसाधनांचा सर्वांत जास्त उपयोग होतो. टाळूवरचे नैसर्गिक तेल वळणांवरून टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून टोके कोरडी पडतात. केस निथळत असतानाच आधी, लावल्यावर धुऊन न टाकता तसेच ठेवायचे कंडिशनर किंवा हलके क्रीम आणि त्यावर जेल लावावे. मग केस मुठीत घेऊन खालून वर दाबावेत. वाळल्यावर जेलचा कडक पापुद्रा तयार होतो आणि अनेकजणी तिथेच घाबरून जेल सोडून देतात. केस पूर्ण वाळल्यावर तो हाताने हळूहळू कुस्करला की कडकपणा जातो, वळण राहते. केस बारीक असतील तर क्रीम जवळजवळ नकोच, नाहीतर लाटा वजनाने ओघळतात.

या कामासाठी जवसाचे जेल घरी करता येते. चटणीसाठी जवस घरात असतोच. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात उकळावा, पाण्याला अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच फडक्यातून गाळावे. गार झाल्यावर ते गाळता येत नाही. यात टिकाऊपणासाठी काही घातलेले नसल्याने ते फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवावे. वास बदलला तर टाकून द्यावे.

सरळ आणि बारीक केसांना मूस पुरतो. तो ओल्या केसांच्या मुळांशी लावावा. जड क्रीम आणि सीरमने असे केस दुपारपर्यंत चिकटून बसतात. सरळ, जाड आणि उभे राहणारे केस पुरुषांत पुष्कळ आढळतात. ते आखूड असतील तर क्ले किंवा वॅक्स हरभऱ्याएवढे घेऊन तळव्यावर पूर्ण पसरवून लावावे. चमकदार, बसवलेला भांग हवा असेल तर पोमेड. ब्रिलक्रीम हे 1928 मध्ये बर्मिंगहॅममध्ये तयार झालेले क्रीम पाणी, खनिज तेल आणि मधमाशीचे मेण यांचे मिश्रण होते. भांगाची ती जुनी चमक तेलाची होती. तेलकट पोमेड कपाळाजवळ लावले की पुटकुळ्या येऊ शकतात.

ग्लिसरीन असलेली प्रसाधने हवेतला ओलावा ओढून घेतात. आषाढात महाबळेश्वर, कोयनानगर, पाटण भागात हा ओलावा केसांत शिरून केस फुगतात. तेव्हा पकड देणारे जेल आणि वरून दोन थेंब सीरम बरे. वैशाखात जत किंवा दहिवडीच्या कोरड्या हवेत ओढून घ्यायला ओलावाच नसतो, म्हणून तिथे क्रीमचा थर अधिक कामाचा.

या जिल्ह्यांच्या पूर्व भागातल्या अनेक गावांत बोअरचे पाणी जड असते. बादलीच्या कडेला बसणारा पांढरा थर कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा असतो. ते केसांवरही बसतात आणि साबणाबरोबर न विरघळणारा चिकट साका करतात. त्या थरावर कितीही महाग जेल लावले तरी केस निस्तेज दिसतात. जेल बदलण्याआधी पाण्याकडे पाहावे. महिन्यातून एकदोनदा ईडीटीए (क्षारांना बांधून घेणारा घटक) असलेल्या शाम्पूने केस धुवावेत आणि शेवटचा तांब्या पिण्यासाठी आरओ यंत्रातून काढलेल्या मऊ पाण्याचा घ्यावा.

खोबरेल तेल वळण टिकवत नाही, पण धुण्याआधी लावले तर केसातले प्रथिन कमी झिजते, असे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधकांच्या अभ्यासात आढळले. सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांनी तो परिणाम दिला नाही. म्हणजे आजीचे तेल खोटे नव्हते, फक्त ते धुण्याआधीचे होते.

इस्त्री वापरायचीच असेल तर केस पूर्ण वाळलेले हवेत. ओल्या केसातल्या पाण्याची वाफ होऊन केसात पोकळ्या पडतात आणि तो तिथेच तुटतो. उष्णतेपासून जपणारा स्प्रे आधी लावावा. बारीक किंवा रंगवलेल्या केसांवर तापमान शक्य तितके कमी ठेवावे.

भारतात ही प्रसाधने 2020 च्या सौंदर्यप्रसाधने नियमांखाली येतात. बाटलीवर घटकांची यादी, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत असते. यादीत ज्याचे प्रमाण जास्त ते आधी लिहिलेले असते. बाटलीवर मोठ्या अक्षरात कोरफड छापलेली असेल आणि यादीत ती सुगंधाच्या आसपास शेवटी सापडली, तर पैसे कशाचे दिले हे दुकानातच कळते. नवे प्रसाधन कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक-दोन दिवस थांबावे. खाज किंवा लाली आली तर ते डोक्याला लावू नये.