१९ म्हणजे थांब की चालू लाग? कर्नलांमधल्या सिग्नलच्या भाषांतराची पार्श्वभूमी

लिनक्सवर एखाद्या प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमला, १९ क्रमांकाचा सिग्नल (आकड्याच्या रूपातली सूचना) पाठवला की ती जागच्या जागी थांबते. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर हाच १९ थांबलेल्या प्रोसेसला पुन्हा चालू करतो. हिंदीतली ‘शिक्षा’ मराठीत आली की शिकवण्याऐवजी दंड होते, तसा हा प्रकार आहे. माणूस संदर्भावरून सावरून घेतो, कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, संदर्भ नसतो. त्याच्या हाती फक्त आकडा येतो.

सोर्स कोड हाताशी असेल तर यातलं काहीच अडत नाही. प्रोग्रॅमर ‘सिगस्टॉप’ असं नाव लिहितो आणि त्या त्या मशीनवर कंपाइलर त्या जागी योग्य आकडा घालतो. अडचण येते ती तयार बायनरीची, म्हणजे कंपाइल होऊन आलेल्या प्रोग्रॅमची. तिच्यात नावं उरलेली नसतात, आकडे गोठलेले असतात. फ्रीबीएसडी १९९५ पासून लिनक्ससाठी बांधलेल्या बायनरी जशाच्या तशा चालवत आला आहे. ज्या थरामुळे हे जमतं त्याला लिनक्स्युलेटर म्हणतात, आणि त्यातला सिग्नलचा भाग माझ्या मते सगळ्यात नाजूक आहे. तो इतका नाजूक का, हे कळायला मागे जावं लागतं.

बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे १९७९ साली, १ ते १५ सिग्नल ठरलेले होते. ६ आणि ७ यांची नावं तर पीडीपी-११ या मशीनच्या ‘आयओटी’ आणि ‘ईएमटी’ या सूचनांवरून आलेली. पुढे घराच्या दोन वाटण्या झाल्या. बर्कलीच्या शाखेला, म्हणजे फ्रीबीएसडी ज्यातून आला त्या बीएसडीला, टर्मिनलवरून कामं थांबवायची आणि पुन्हा चालू करायची होती. आजचा कंट्रोल-झेड तिथूनच आला. त्यासाठी १७ ते २० हे आकडे थांबणं, चालू होणं आणि मूल-प्रोसेसची (एका प्रोसेसने सुरू केलेल्या दुसरीची) खबर यांच्यासाठी घेतले गेले. एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्हने मात्र १६ आणि १७ वापरणाऱ्याच्या मर्जीवर सोडले, १८ मूल-प्रोसेस संपल्याच्या खबरेला दिला आणि १९ वीज जाण्याला.

वागणंही वेगळं होतं. जुन्या पद्धतीत हँडलर, म्हणजे सिग्नल आल्यावर चालवायचा प्रोग्रॅमचा तुकडा, एकदा चालला की त्याची नोंद पुसली जायची. तो पुन्हा नोंदवायच्या आत दुसरा सिग्नल आला तर प्रोग्रॅम मरायचा. बर्कलीने १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये हे दुरुस्त केलं. हँडलर कायम राहू लागला, आणि सिग्नलमुळे अर्धवट तुटलेला सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे मागितलेलं काम) कर्नल स्वतःच पुन्हा सुरू करू लागला. १९८८ च्या पॉझिक्सने, म्हणजे युनिक्सच्या सामाईक मानकाने, दोन्ही वागणुकींना ‘सिगॲक्शन’ या एका कॉलमध्ये बसवलं. नावं पक्की केली, पण बहुतेक आकडे ज्याच्या त्याच्यावर सोडले. पुढच्या सगळ्या भाषांतराचं मूळ या एका निर्णयात आहे, आणि तो चुकीचा होता असं मला वाटत नाही. चालू असलेल्या मशीनवरचे आकडे बदलायला कोणताच विक्रेता तयार झाला नसता.

इंटेलवरच्या लिनक्सची यादी दोन्ही घराण्यांमधून आली. वीज जाण्याचा सिग्नल सिस्टिम फाइव्हचा, टर्मिनलची खिडकी लहानमोठी झाल्याचा बर्कलीचा. बीएसडीशी पडताळून पाहिलं तर पहिल्या १५ पैकी १२ जुळतात. ७, १० आणि १२ जुळत नाहीत. १६ पासून २० पर्यंत एकही जुळत नाही. त्यातही लिनक्स सगळीकडे सारखा नाही. थांबवण्याचा सिग्नल इंटेलवर १९, अल्फा आणि स्पार्क या प्रोसेसरांवर १७, मिप्सवर २३. त्या मशीनांवर आधी नांदणाऱ्या विक्रेत्यांच्या युनिक्सशी जुळवून घेतल्याचा हा माग आहे. उलट बाजूने लिनक्सनेही हेच काम केलं होतं. एससीओ युनिक्सच्या बायनरी चालवण्यासाठी प्रत्येक प्रोसेसला ‘पर्सनॅलिटी’ देता यायची आणि तिच्याबरोबर सिग्नलचे दोन तक्ते असायचे, एक जाण्याचा, एक येण्याचा. ती तक्त्यांची सोय २०१५ मध्ये कर्नलमधून काढून टाकली.

तक्ता लिहिणं एका दुपारचं काम आहे. खरी मेहनत पुढे आहे, कारण सिग्नलचा आकडा एकाच दारातून कर्नलमध्ये येत नाही.

सिग्नल रोखून धरायचे असतील तर बिटांचा संच पाठवतात, प्रत्येक सिग्नलला एक बिट. तो बिट बिट करून उलगडावा लागतो आणि दुसऱ्या क्रमाने पुन्हा बांधावा लागतो. त्या संचाचं काय करायचं हे सांगणारा आकडाही वेगळा: लिनक्समध्ये ० म्हणजे रोखा, १ म्हणजे मोकळे करा, बीएसडीमध्ये १ म्हणजे रोखा. तसाच पुढे ढकलला तर मोकळे करा म्हटलेले सिग्नल उलट रोखले जातील. हँडलर नोंदवताना दिलेल्या पर्यायांचंही तेच. लिनक्सचा ४ म्हणजे ‘सविस्तर माहिती द्या’, फ्रीबीएसडीचा ४ म्हणजे ‘एकदा वापरून नोंद पुसा’.

मूल-प्रोसेस मेली की पालकाला तिचा निकाल मिळतो. त्याच्या खालच्या सात बिटांत सिग्नलचा आकडा दडलेला असतो. तो बदलायचा राहिला आणि मूल बीएसडीच्या ३० ने, म्हणजे ‘सिगयूझर-१’ ने मेलं असेल, तर लिनक्सचा शेल वीज गेल्याचं सांगेल. नवी प्रोसेस बनवणाऱ्या क्लोन या सिस्टिम कॉलच्या पर्यायांमध्येही, खालच्या आठ बिटांत, मुलाच्या मृत्यूनंतर कोणता सिग्नल द्यायचा हे लिहिलेलं असतं. अशी एक जागा नजरेतून सुटली तरी बाकीचं भाषांतर वाया जातं.

आणि मग स्टॅक. सिग्नल आला की कर्नल चालू प्रोग्रॅमचे रजिस्टर (प्रोसेसरमधले त्याचे आकडे) त्याच्याच स्टॅकवर, म्हणजे तात्पुरत्या नोंदींच्या मेमरीत, उतरवतो, हँडलरला धाडतो, आणि हँडलर संपल्यावर ‘सिगरिटर्न’मधून सगळं जागच्या जागी भरतो. स्टॅकवर उतरवलेल्या या चौकटीची मांडणी प्रत्येक कर्नलची आपापली. जावाचे प्रोग्रॅम चालवणारं हॉटस्पॉट कितीतरी ठिकाणी रिकाम्या पॉइंटरची तपासणी करतच नाही. चूक होऊ देतं, ‘सिगसेग्व्ही’ (चुकीच्या पत्त्याला हात लावल्याचा सिग्नल) पकडतं, कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या सूचनेवर घोटाळा झाला ते चौकटीतून वाचतं आणि त्याचा जावाचा अपवाद (एक्सेप्शन) बनवतं. म्हणून लिनक्स्युलेटरला ही चौकट लिनक्सच्या मांडणीबरहुकूम उभी करावी लागते. एक रकाना सरकला तर जिथे साधा अपवाद यायचा तिथे अख्खी प्रोसेस कोसळते.

१९९३ च्या पॉझिक्स विस्ताराने रांगेत थांबणारे रिअल-टाइम सिग्नल आणले. लिनक्समध्ये ते ३२ पासून, फ्रीबीएसडीत ६५ पासून. इथे निदान सरळ बेरीज चालते.

विंडोज एनटीच्या कर्नलमध्ये तर या अर्थाचे सिग्नलच नाहीत. वाइन हा थर तिथल्या प्रोग्रॅमना लिनक्सवर चालवताना ‘सिगसेग्व्ही’चं रूपांतर विंडोजच्या अपवादात करतं. उलट दिशेने मायक्रोसॉफ्टने २०१६ साली लिनक्सच्या बायनरी एनटी कर्नलवर चालवणारा थर आणला आणि त्यात सिग्नल नव्याने उभे केले. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत भाषांतर सोडून खराखुरा लिनक्स कर्नलच आत बसवला. हिशेब म्हणून ते योग्यच होतं, तरी पहिल्या प्रयत्नाबद्दल मला आदर वाटतो.

फ्रीबीएसडीचा तक्ता अजून चालू आहे, आणि त्यात काही शब्दांना जोड नाहीच. टर्मिनलवर कंट्रोल-टी दाबलं की फ्रीबीएसडी २९ क्रमांकाचा ‘सिगइन्फो’ पाठवतो आणि त्यांच्या घरचा कॉपीचा प्रोग्रॅम कुठवर आलोय ते सांगतो. समोर लिनक्सचा प्रोग्रॅम चालू असेल तर कर्नलची स्वतःची एक ओळ उमटते. प्रोग्रॅम मात्र काही बोलत नाही, कारण हा सिग्नल ऐकायचाय असं सांगायला त्याच्याकडे आकडाच नाही.