कुकी नावाच्या चिठ्ठीची गोष्ट

कोणता ब्राउझर वापरावा, या प्रश्नाचं मूळ 1994 सालात आहे. तेव्हा वेबसाइटला काहीच लक्षात राहत नसे. ऑनलाइन दुकानात एखादी वस्तू टोपलीत टाकून पुढच्या पानावर गेलात की टोपली पुन्हा रिकामी. नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझर-कंपनीतल्या लू माँटुली या तरुण अभियंत्यानं त्यावर तोड काढली: साइटनं आपली छोटी चिठ्ठी वापरणाऱ्याच्या संगणकावर ठेवायची आणि ती त्याच साइटला परत वाचता यावी. हीच कुकी. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देऊन टाकणं याहून सोपं होतं. पण त्या क्रमांकावरून माणसाचा माग कुठल्याही साइटवर काढता आला असता, म्हणून माँटुलींनी तो मार्ग टाळला. ज्या कुकीला आज आपण दोष देतो, ती मुळात खासगीपणा जपण्यासाठी अशी घडवली होती, हे आवर्जून सांगायला हवं.

फट राहिली ती दुसरीकडे. पान एका साइटचं असलं तरी त्यावरची जाहिरात दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून येते, आणि येताना तीही आपली चिठ्ठी ठेवून जाते. तीच कंपनी हजारो साइटवर जाहिराती पुरवत असेल, तर सकाळी वाचलेली बातमी, दुपारी शोधलेलं औषध आणि रात्री पाहिलेलं कर्जाचं पान एकाच माणसाच्या नावे जुळतं. हा धोका वेळीच ओळखला गेला होता. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफनं फेब्रुवारी 1997 मध्येच सांगितलं होतं की अशा परक्या कुकी ब्राउझरमध्ये आधीपासूनच बंद ठेवाव्यात. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही ते मानलं नाही. पुढचं बरंचसं नुकसान त्या एका निर्णयातून आलं, असं माझं मत आहे. कारण सेटिंग जसं मिळतं तसंच बहुतेक लोक ठेवतात.

2008 मध्ये गुगलनं 3.1 अब्ज डॉलरचा डबलक्लिक हा जाहिरात-व्यवसाय ताब्यात घेतला. त्याच वर्षी गुगलचा क्रोम हा ब्राउझर आला आणि पहिला अँड्रॉइड फोनही. जाहिरात, ब्राउझर आणि फोन एकाच घरात नांदू लागले.

समोर फायरफॉक्स हा ब्राउझर होता. नेटस्केपनं 1998 मध्ये आपला कोड खुला केला, त्यातून उभ्या राहिलेल्या मोझिला या संस्थेनं 2004 मध्ये तो आणला. तो मराठीतही वापरता येतो. त्याचं मोठं उत्पन्न गुगललाच मुख्य शोधयंत्र ठेवण्याच्या करारातून येतं, हेही वाचकाला माहीत असायला हवं. 2011 मध्ये फायरफॉक्सनं ‘माझा माग काढू नका’ असं साइटला कळवण्याची सोय दिली. ती नुसती विनंती होती, त्यामुळे बहुतेक साइटनी दुर्लक्ष केलं. खरा अटकाव नंतर झाला. 2019 मध्ये फायरफॉक्सनं माग काढणाऱ्या ज्ञात कुकी सगळ्यांसाठी आपोआप अडवायला सुरुवात केली, आणि मार्च 2020 मध्ये ॲपलच्या सफारी ब्राउझरनं परक्या कुकी पूर्ण बंद केल्या. क्रोमनं जानेवारी 2020 मध्ये दोन वर्षांत त्या काढण्याचं जाहीर केलं, मुदत पुढे ढकलत नेली आणि जुलै 2024 मध्ये बेत सोडून दिला.

फोनवरच्या ॲपमध्ये कुकीचं काम जाहिरात-ओळखक्रमांक, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेला क्रमांक, करतो. ॲपलनं एप्रिल 2021 पासून आपल्या फोनवर, एखाद्या ॲपनं इतर ॲपमधून माग काढण्याआधी वापरणाऱ्याची परवानगी विचारणं सक्तीचं केलं. त्याआधी जानेवारीत व्हॉट्सॲपच्या नव्या अटींमुळे भारतात अनेकांनी सिग्नल हे दुसरं संदेश-ॲप उतरवून घेतलं होतं. संदेशाचा मजकूर व्हॉट्सॲपवर 2016 पासून सिग्नलच्याच पद्धतीनं कुलूपबंद आहे. काळजी होती ती कोण कोणाशी, केव्हा बोलतं या नोंदींची. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमतानं सांगितलं. नागपूरचे शरद बोबडे त्या पीठावर होते. वैयक्तिक डेटाचा कायदा मात्र 2023 मध्ये झाला.

क्रोममध्ये परक्या कुकी अडवायचं बटण आहे आणि अँड्रॉइडवर जाहिरात-ओळख पुसताही येते. दोन्ही सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतःच करावं लागतं.